खानदेशातील कापसाचा व्यापार आणि फसवणुकीची दाद

तापीच्या उत्तर तीरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेला शिरपूर तालुका हा खानदेशच्या कापूस पिकविणाऱ्या मुलखाचा एक भाग होय. याच तालुक्यातील थाळनेर हे फारुकी राजांचे जुने ठाणे सुरत-बऱ्हाणपूर मार्गावर असल्याने व्यापार या प्रदेशास नवा नव्हता. तथापि इ.स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यानंतर या व्यापाराचे स्वरूप हळूहळू पालटले. पूर्वी गावचा कापूस गावातील किंवा आसपासच्या पेठेतील विणकराकडे जाई. घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत, आणि वाईट माल देणाऱ्यास पुढच्या हंगामी त्याच माणसासमोर उभे राहावे लागे. एकोणिसाव्या शतकात हाच कापूस आग्रा रस्त्याने मुंबईस आणि तेथून जहाजाने लिव्हरपूलला जाऊ लागला. शेतकरी, खेडोपाडी खरेदी करणारा, अडत्या, सरकी काढणारा, गासडी बांधणारा, मुंबईचा निर्यातदार, लिव्हरपूलचा दलाल आणि शेवटी लँकेशायरचा गिरणीवाला अशी ही साखळी होती. तिच्या दोन टोकांवरील माणसांनी एकमेकांस कधीच पाहिलेले नसे.

न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेला माल घ्यावयाचा, ही स्थिती फसवणुकीस अनुकूल असते. कापसाच्या बाबतीत ती किती प्रकारांनी होई, ते पाहण्यासारखे आहे. रुई ओली करून तिचे वजन वाढविणे हा सर्वांत सोपा प्रकार. पाणी पुढे वाळून जाई, पण तोवर वजनाचे पैसे हाती पडलेले असत. सरकी, पाने, माती, क्वचित दगडही गासडीत घालणे हा दुसरा. गासडीच्या बाहेरील थरात चांगली रुई व आत हलकी असा तिसरा प्रकार अधिक चतुराईचा होता, कारण नमुना घेणाऱ्याचा हात सहसा बाहेरच्या थरापर्यंतच पोचे. लांब तंतूच्या कापसात आखूड तंतूचा मिसळणे हा चौथा प्रकार ओळखावयास सर्वांत कठीण. पारखी माणूस रुईची चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व बोटांत धरून ओढी, तंतू समांतर करून त्यांची लांबी पाही आणि मूठ दाबून ओल जोखी. हे ज्ञान बाजारात भरपूर होते. उणीव होती ती फसवणूक कोणत्या हाताने केली हे सिद्ध करण्याच्या साधनाची. सहा हातांतून गेलेली गासडी लिव्हरपूलला फोडल्यावर आत माती निघाली, तर ती शिरपूरच्या खळ्यात पडली, धुळ्याच्या वखारीत की मुंबईच्या गोदीवर, याचा निर्णय कोण करणार?

सरकारने या प्रश्नात प्रथम हात घातला तो परदेशी खरेदीदारासाठी. मुंबई सरकारच्या इ.स. १८२९ च्या तिसऱ्या रेग्युलेशनने कापूस बांधताना व विकताना केलेल्या लबाडीस शिक्षा ठरविली. हा कायदा फारसा उपयोगी पडला नाही हे पुन:पुन्हा होणाऱ्या तक्रारींवरून दिसते. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरला हिंदी कापसावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबईच्या बाजूचा सारा कापूस तेथे ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई. त्याच्या हलकेपणामुळे हा शब्द वाईट मालाचा वाचक बनला. आपल्यास ‘सुरत’ म्हटले म्हणून बिअर गाळणाऱ्या एका इंग्रज व्यावसायिकाने त्या काळी अब्रूनुकसानीची फिर्याद केल्याची हकीकत सांगतात. एका शहराच्या नावाची अशी दशा झाली, त्या शहरात या प्रकाराबद्दल कोणास काही विचारलेही गेले नसावे.

या दडपणातून मुंबई कायदेमंडळाने १८६३ चा नववा कायदा, म्हणजे कापसातील लबाडी बंद करण्याचा कायदा, केला. गासड्या बांधणाऱ्या प्रेसना परवाना, तपासणीसाठी स्वतंत्र इन्स्पेक्टर आणि त्या खात्याच्या खर्चासाठी निर्यात होणाऱ्या कापसावर फी, अशी त्याची योजना होती. भाव चढे होते तोवर कोणी कुरकुरले नाही. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील शेअरांचा फुगा फुटला, आणि फीचे ओझे व्यापाऱ्यांना जाणवू लागले. इन्स्पेक्टरचा जाच होतो, प्रामाणिक व्यापाऱ्यास उगाच दंड भरावा लागतो, आणि खरेदीदाराने आपला माल आपण पारखून घ्यावा, सरकारने मध्ये पडू नये, अशी हाकाटी झाली. १८७८ मध्ये नवा कायदा येऊन पहिला रद्द झाला आणि काही वर्षांतच हे खातेही उठले. तपासणीचे काम खात्याकडून पुन्हा व्यापारी संस्थांच्या नियमांकडे आणि लवादाकडे गेले.

या काळात खानदेशात आणखी एक प्रयोग चालू होता. कलेक्टर ॲशबर्नर यांनी १८६० च्या दशकात स्थानिक आखूड तंतूच्या वाणाऐवजी हिंगणघाटी बियाणे रुजविण्याचा नेटाने प्रयत्न केला. काही काळ त्यास यश आले, पण मिसळ पुन्हा सुरू झाली. सरकारी कागदपत्रांतून या गोष्टीचे वर्णन शेतकऱ्याचे अज्ञान किंवा लबाडी असे केलेले आढळते. ते वर्णन अपुरे आहे. आखूड तंतूच्या वाणात सरकीच्या मानाने रुईचे प्रमाण अधिक पडे. आणि शुद्ध लांब तंतूच्या कापसास शिरपूर-धुळ्याच्या बाजारात जास्त भाव मिळेलच याची शाश्वती नव्हती, कारण अडत्या सर्व माल एकत्रच करी. ज्या बाजारात शुद्ध मालास दाम नाही, त्या बाजारात शुद्धतेचा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा, या प्रश्नाचे उत्तर १८६३ च्या कायद्यात शोधूनही सापडत नाही.

खरे पाहता त्याच शतकात, त्याच साखळीच्या पहिल्या टोकाशी, दुसरी एक फसवणूक उघडपणे चालली होती. तिला कायद्यात नाव नव्हते. बाजारात तिला ‘रीत’ म्हणत. कापसाची गाडी बाजारात आली की अडत्या व दलाल रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. गाडीवाला शेजारीच उभा असे, पण आपल्या मालाचा भाव कसा ठरला ते त्याला दिसत नसे. ठरलेला भाव अखेरपर्यंत टिकेलच असेही नव्हते. गाडी जिनच्या आवारात नेऊन अर्धा माल उतरल्यावर ‘हा माल नमुन्यासारखा नाही’ असा वांधा निघे. मग माल पुन्हा भरून परत न्यावा, की चार आणे कमी घेऊन मोकळे व्हावे, असा पेच शेतकऱ्यापुढे उभा राही. बैल थकलेले, रात्र परक्या गावात काढावयाची, आणि हाती पैसा नाही. तडजोड बहुधा कमी भावावरच होई. त्यावर कडता, तोलाई, हमाली, दलाली, नमुन्याचा न परतणारा कापूस, धर्मादाय, गोशाळा अशा कपाती. यांपैकी काही खर्च खरे होते, हे मान्य केले पाहिजे. हमालाला मजुरी कोणी तरी द्यावयाचीच. परंतु कोणती कपात कोणाच्या खिशात जाते, याचा कागद शेतकऱ्याच्या हाती कधी पडत नसे. वजने व मापे गावोगाव निराळी असत. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि गावचा मण गावच्या सोयीचा.

हे सर्व शेतकऱ्यास कळत नव्हते असे समजणे चूक होईल. आपण नाडले जात आहोत हे गाडीवर बसून परतणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असे. प्रश्न सांगावयाचे कोणाला हा होता. ज्या अडत्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच वहीत पेरणीच्या वेळचे कर्ज लिहिलेले असे. पुढच्या वर्षी बियाण्यास पैसे हवे असतील तर यंदाच्या वजनाबद्दल बोलता येत नसे. दिवाणी न्यायालय दूर, वकील महाग, आणि पुरावा म्हणावा तर तोंडी. विलायतेतील गिरणीवाल्याच्या तक्रारीसाठी एक खाते, इन्स्पेक्टर व दंडाची तरतूद उभी राहिली. शिरपूरच्या गाडीवाल्यास तक्रार सांगण्यासाठी एक ओटाही नव्हता.

तो ओटा प्रथम बांधला गेला तो शेजारच्या वऱ्हाडात. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. ठरलेले आवार, ठरलेले दर, परवाना असलेला मापाडी, ही त्याची अंगे. मात्र त्याच्या समित्या व्यापाऱ्यांच्याच हाती राहिल्या आणि तंटा मिटविण्याची पुरेशी व्यवस्था त्यात नव्हती. शाही कृषी आयोगाने पुढे या उणिवांवर बोट ठेवले.

खानदेशास या सुधारणेसाठी आणखी तीन दशके थांबावे लागले. मॅकेन्ना यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन कॉटन कमिटी १९१७ मध्ये नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. त्यानंतरचे दोन कायदे या विषयात महत्त्वाचे आहेत. १९२३ च्या कापूस वाहतूक कायद्याने राखीव प्रदेशात बाहेरचा कापूस, सरकी वा रुई आगगाडीने आणण्यास बंदी घालण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. आखूड तंतूचा माल लांब तंतूच्या मुलखात नेऊन मिसळावयाचा आणि तेथल्या नावाने विकावयाचा, हा धंदा त्यामुळे अवघड झाला. १९२५ च्या जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गासडीवर त्या प्रेसचे चिन्ह व अनुक्रमांक उमटविणे सक्तीचे केले आणि कोणाचा माल कधी दाबला याची वही ठेवावयास लावली. गासडी आता कोठेही फोडली तरी ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे सांगता येऊ लागले. शिक्षेचा धाक जे करू शकला नव्हता, ते एका शिक्क्याने बरेचसे केले. १८२९ च्या व १८६३ च्या कायद्यांची सारी भिस्त गुन्हेगारास पकडण्यावर होती. १९२५ च्या कायद्याने माल आपल्या धन्याचे नाव स्वतःच सांगेल अशी व्यवस्था केली.

याच सुमारास मध्यवर्ती कापूस समितीने शेतकऱ्यांच्या कापसाची विक्री व त्यासाठी मिळणारे कर्ज यांची पाहणी ठिकठिकाणी करविली. त्यांत खानदेशही होता. १९२७ मध्ये मुंबई कापूस बाजार कायदा संमत झाला. १९२८ मध्ये लिनलिथगो आयोगाने नियंत्रित बाजार सर्व प्रांतांत असावेत अशी शिफारस केली तेव्हा मुंबईचा कायदा त्याच्यासमोर होता. या कायद्याखाली आरंभी नियंत्रित झालेल्या बाजारांत धुळ्याचा समावेश होतो. समितीत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, परवानाधारक मापाडी व दलाल, जाहीर केलेल्या कपातींखेरीज दुसरी कपात घेण्यास मनाई, आणि तंटा जागच्या जागी सोडविण्याची सोय, अशी ही रचना होती. ‘नमुन्यासारखा नाही’ हा वांधा आता जिनच्या आवारात दोघांत न मिटता तिऱ्हाइतासमोर मांडता येऊ लागला. १८२९ पासून १९२७ पर्यंत अठ्ठ्याण्णव वर्षे झाली. खरेदीदाराची तक्रार ऐकावयास सरकार जितके तत्पर होते तितके विक्रेत्याची ऐकावयास नव्हते, हे या दोन सनांवरून दिसते.

अर्थात बाजाराच्या आवारात आलेल्या मालासच या रक्षणाचा लाभ होता. तापी उतरून धुळ्यास गाडी नेणे ज्यास परवडे त्याचाच माल समितीसमोर येई. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील लहान शेतकरी घरबसल्या खेडा-खरेदी करणाऱ्यासच माल देत राहिला. १९३९ च्या कायद्याने कापसाबरोबर इतर शेतमालही नियंत्रणाखाली आणला, १९६३ मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला आणि शिरपुरासारख्या तालुक्याच्या गावीही बाजार समिती आली. १९७१ च्या कायद्याने कच्च्या कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाल्यावर अडत्याच्या जागी प्रतवारी करणारा कर्मचारी आला. प्रत कोणती लागावी यावर वाद होतच राहिले. मात्र आता ते सरकारी माणसाशी होते. ती योजना विसाव्या शतकाच्या अखेरीस खिळखिळी झाली व पुढे खाजगी खरेदीस वाट मोकळी झाली.

एकविसाव्या शतकात फसवणुकीची दिशा उलटली. शेतकरी आता विक्रेता म्हणून जितका नाडला जातो तितकाच खरेदीदार म्हणूनही. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली, त्याआधीच २००१ मध्ये शेजारच्या गुजरातेत बिनपरवाना बीटी बियाणे शेतात आढळले होते. आणि तणनाशकास दाद न देणारे म्हणून विकले जाणारे अनधिकृत बियाणे त्यानंतरच्या काळातले. असे बियाणे बहुधा बिलाविना विकले जाते, आणि ते खोटे निघाले हे उगवणीच्या किंवा बोंडाच्या वेळी कळते, म्हणजे हंगाम हातचा गेल्यावर. ज्यावर कंपनीचे नाव, लॉट क्रमांक व मुदत आहे अशी पिशवी आणि दुकानदाराचे बिल जपून ठेवले असेल तर तालुका तक्रार निवारण समितीस शेतात येऊन पंचनामा करता येतो. १९२५ च्या गासडीवरील शिक्क्याचे काम येथे पिशवीवरचा लॉट क्रमांक करतो.

दूरध्वनीवरून व ऑनलाइन होणारी खरेदी ही याच साखळीची पुढची कडी होय. लिव्हरपूल आता हातातील पडद्यावर येऊन बसले आहे. तिच्यातील लबाडीचे प्रकार कापसाच्या अभ्यासकास अपरिचित वाटत नाहीत. नामांकित दुकानाची हुबेहूब नक्कल करून मांडलेले पान आणि त्यावरील उत्तम चित्र म्हणजे गासडीचा बाहेरचा थर. ‘आधी नोंदणीचे पैसे, आधी वाहतूक खर्च’ ही मागणी म्हणजे माल उतरण्यापूर्वी घेतलेली कपात. घाई करावयास लावणे, ‘आज रात्री बारापर्यंतच हा भाव’ असे सांगणे, हे जिनच्या आवारातील संध्याकाळची आठवण करून देते. बैल थकलेले असतानाच वांधा काढावयाचा असतो. यांत एक प्रकार मात्र नवा आहे. जुन्या वस्तू विकणाऱ्यास ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर संकेत टिपा व पिन घाला’ असे सांगून त्याच्याच खात्यातून रक्कम उचलली जाते. यूपीआय व्यवहारात पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. एवढे एक वाक्य ठाऊक असले तर ही लबाडी जागीच थांबते, आणि म्हणूनच हे वाक्य गावोगाव पोचले आहे की नाही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रतिबंधाच्या बाबतीत कायद्याने १९२५ चाच मार्ग धरलेला दिसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याचे नाव, पत्ता, मालाचा मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दाखविणे बंधनकारक केले. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत व निराकरण एका महिन्यात करावयाचे आहे. ज्या पानावर यांपैकी काहीच नाही ते पान बिनशिक्क्याची गासडी समजावे. वाईट वस्तू येणे, परतावा न मिळणे अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसेच लुबाडले गेले असतील तर १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्हे नोंदविण्याच्या राष्ट्रीय पोर्टलवर कळवावयाचे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असतानाच ती वाटेत गोठविण्याचा प्रयत्न केला जातो. येथे दिवसांची नव्हे, तासांची गणना आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत सही करावी लागते. माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालील तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावयाचा असून सायबर पोलीस ठाणे जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे शिरपूरहून सुमारे ५० किलोमीटरवर धुळ्यास आहे. तापी उतरून जाण्याचा हा जुनाच रस्ता.

तरीही न कळविणारे पुष्कळ. येथे अडत्याचे कर्ज नसते. आड येते ती लाज. ‘इतका शिकलेला असून फसला’ असे घरातील माणसे म्हणतील, या भीतीने पहिले काही तास निघून जातात, आणि रक्कम परत मिळण्याची शक्यता त्या तासांतच असते. कायद्याची भाषाही या लाजेस काहीशी पोषक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर काही भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित भार पडतो. पण ग्राहकाने स्वतःच ओटीपी वा पिन सांगितला असेल तर ती त्याची हयगय ठरते, आणि बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. नियम अकारण नाही. बँकेनेही कोठे तरी रेषा ओढावयाचीच. परंतु बँक अधिकाऱ्याचा आवाज काढून, खरे नाव व खात्याचे शेवटचे चार आकडे सांगून ज्याच्याकडून ओटीपी काढून घेतला जातो, त्याची हयगय आणि रुमालाखालील बोटे न दिसलेल्या गाडीवाल्याची हयगय यांत किती अंतर मानावयाचे, याबद्दल मतभेद राहणार. कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर जातो, हेही त्याच परिपत्रकात आहे. म्हणून हयगय झालेल्या ग्राहकालाही ताबडतोब कळविण्याचा लाभ आहेच, आणि खेड्यापाड्यांतील खातेदारांस त्या परिपत्रकातील हाच भाग सर्वांत कमी ठाऊक असतो.